सुरतेला गाडी बदलताना रात्रीचं जेवण

नंदुरबार जिल्ह्यातून लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची पहिली रात्र पुष्कळदा सुरतेत अडकते. तापी लाइनची गाडी त्याला संध्याकाळी सुरतेला किंवा उधन्याला उतरवते आणि अहमदाबाद, राजकोट किंवा राजस्थानकडची पुढची गाडी मध्यरात्री, नाही तर पहाटे असते. मधले पाच-सात तास फलाटावर चादर अंथरून, सामानाला टेकून काढायचे आणि भूक लागली की हाताशी मिळेल तो वडापाव घ्यायचा, ही आपल्याकडची रीत पडून गेली आहे. वास्तविक त्याच फलाटापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर असं शहर आहे, की ज्याच्या जेवणाला लोकांनी म्हणीत काशीच्या मरणाशेजारी बसवलं. थोडा हिशेब केला तर त्या शहरात जाऊन, नीट बसून जेवून, गाडीच्या आधी निवांत परत येता येतं. तो हिशेब कसा करायचा, ते इथे सविस्तर सांगायचं आहे.

नंदुरबार ते सुरत हे अंतर रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर आहे. नवापूर, उकाई सोनगड, व्यारा, बारडोली, चलथान, उधना आणि मग सुरत. ही लाइन जुनी, तापी व्हॅली रेल्वेची. उधना ते जळगाव या ३०७ किलोमीटरच्या मार्गाचं दुपदरीकरण पूर्ण व्हायला मात्र २०१८ साल उजाडलं. त्याआधी समोरची गाडी येईपर्यंत आडस्टेशनावर ताटकळणं ठरलेलं असे आणि सुरतेला कधी पोहोचू याचा भरवसा नसे. आता ते बरंच सुधारलं असलं, तरी दूरवरून, म्हणजे हावडा, छपरा किंवा चेन्नईहून येणारी गाडी नंदुरबारला येईपर्यंतच उशिरा धावत असू शकते. सुरतेत जेवायला जायचं असेल तर पहिल्या टप्प्यासाठी भुसावळ किंवा नंदुरबारसारख्या जवळच्या ठिकाणाहून सुटणारी गाडी निवडलेली बरी.

वाटेत नवापूरचं स्टेशन लागतं. त्याच्या मधून राज्याची सीमा जाते. तिकीट खिडकी आपल्या जिल्ह्यात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातच्या तापी जिल्ह्यात. कौतुकाने फोटो काढण्याची ही जागा खरी, पण प्रवाशाने इथे आणखी एक गोष्ट आठवावी. गुजरातेत दारूबंदी आहे. बॅगेत कुणासाठी म्हणून घेतलेली बाटली असेल तर नवापूर ओलांडल्यावर तो गुन्हा ठरतो आणि मग जेवणही राहतं नि पुढची गाडीही.

आता तिकिटाकडे वळू. पहिली गोष्ट स्टेशनचं नाव. सुरत स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम सुरू झाल्यापासून अनेक गाड्या उधन्याला हलवल्या गेल्या. काही गाड्या उधन्यालाच संपतात, काही तिथूनच सुटतात, तर मुंबईकडे वळणाऱ्या काही गाड्या सुरत स्थानकात येतच नाहीत. त्यामुळे ‘सुरतला गाडी बदलायची’ एवढं माहीत असून भागत नाही. कुठे उतरायचं आणि कुठे चढायचं, ही दोन्ही नावं तिकिटावर वाचावीत आणि निघण्याच्या दिवशी रेल्वेच्या १३९ क्रमांकावर किंवा अ‍ॅपवर पुन्हा पाहावीत. उधना आणि सुरत ही स्टेशनं जवळजवळ असली, तरी संध्याकाळी मधला रस्ता कापड बाजाराच्या गर्दीतून जातो.

दुसरी गोष्ट तारीख. यात भलेभले फसतात. समजा, पुढची गाडी १५ तारखेला ००.३५ ची आहे. म्हणजे ती १४ तारखेच्या रात्री, जेवण झाल्यावर, साडेबारा वाजून गेल्यावर येणार. पंधरा तारीख वाचून जो पंधराला संध्याकाळी नंदुरबारहून निघतो, तो सुरतेला पोहोचतो तेव्हा त्याची गाडी जवळजवळ पूर्ण दिवसापूर्वी निघून गेलेली असते. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढताना कागदावर सरळ लिहून ठेवावं: ‘१४ ची रात्र’.

मग येतो वेळेचा हिशेब. तो पुढच्या गाडीपासून मागे मागे करत यायचा. वरचंच उदाहरण घेऊ. गाडी ००.३५ ला, तर आपण पावणेबाराला स्टेशनात असायला हवं. सामान सोडवायचं, फलाट शोधायचा, डबा कुठे लागतो ते पाहायचं, मुलांना पाणी-लघवीला न्यायचं, यात पाऊण तास सहज जातो. जुन्या शहरातून परत यायला अर्धा तास धरला, तर सव्वाअकराला रिक्षात बसायचं. आता दुसऱ्या टोकाने या. आपली गाडी साडेसातला पोहोचणार असं वेळापत्रक म्हणतं. त्यात पाऊण तास उशिराचा धरा, सव्वाआठ. सामान ठेवून बाहेर पडायला साडेआठ-पावणेनऊ, शहरात पोहोचायला नऊ-सव्वानऊ. हातात उरले दोन तास. दिसायला पाच तासांचं अंतर होतं, पण जेवणाच्या वाट्याला आले दोन. हे दोन तास जेवायला भरपूर आहेत. जेवून शिवाय खरेदी, देवदर्शन आणि नातेवाइकांकडे डोकावणं एवढं त्यात बसत नाही. दोन गाड्यांमध्ये तीन तासांहून कमी वेळ असेल, तर स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर जेवावं आणि परत यावं. तीन ते सहा तास असतील तर जुनं शहर. त्याहून जास्त असतील आणि पुढची गाडी पहाटेची असेल, तर जेवून येऊन पडायला जागा हवी. त्यासाठी स्टेशनवरची विश्रांतीची खोली कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आधी नोंदवता येते.

उशीर झाला आणि पुढची गाडी चुकली तर? याचं उत्तर रेल्वेनेच देऊन ठेवलं आहे, पण खिडकीवर ते मागणारे फार थोडे. १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांची दोन आरक्षित तिकिटं एकमेकांना जोडता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील सारखा हवा आणि पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू व्हायला हवं. अशी जोडणी केलेली असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत अर्ज करावा लागतो. यातली अडचण अशी, की आपल्याकडचे निम्मेशिम्मे लोक नंदुरबार–सुरत टप्पा जनरलच्या तिकिटावर करतात. त्या तिकिटाला पीएनआर नसतो, म्हणून जोडायला काही उरत नाही. पुढचं तिकीट महागडं असेल, सोबत चार माणसं असतील, तर पहिल्या टप्प्याचंही आरक्षण करावं. चार पैसे जास्त जातात, पण पुढचं सगळं सुरक्षित राहतं. आणि गाडी चुकण्याचं कारण जेवणाला झालेला उशीर असेल, तर कुठलाही नियम मदतीला येत नाही.

सामान घेऊन जेवायला जाऊ नये. क्लोकरूममध्ये प्रवासाचं तिकीट दाखवून बॅगा ठेवता येतात, पण प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं; उघडी बॅग, गोणी किंवा नुसती चेन लावलेली पिशवी घेत नाहीत. म्हणून घरून निघतानाच छोटी कुलपं लावावीत. पावती, तिकीट, ओळखपत्र, औषधं आणि फोनचा चार्जर अंगाबरोबरच्या पिशवीत ठेवावा. बांधकामामुळे क्लोकरूम, तिकीट खिडक्या आणि येण्या-जाण्याचे रस्ते अधूनमधून जागा बदलतात. उतरल्यावर हमालाला विचारावं. त्याच्याइतकी ताजी माहिती कुठल्याही अ‍ॅपवर नसते. सामान परत घेताना लागणारी रांगही मनात धरावी, कारण रात्रीच्या गाड्यांच्या वेळेला सगळेच एकदम येतात.

आता जेवण.

स्टेशनच्या पश्चिमेला एसटी स्टँड आणि त्यापलीकडे जुनं शहर. भागळ दोनेक किलोमीटरवर, त्यापुढे चौटा बाजार, चौक बाजार आणि तापीकाठचा किल्ला. इथे जाताना रिक्षावाल्याला नुसतं ‘शहरात’ सांगू नये, ‘भागळ’ सांगावं. मेट्रोच्या भुयारी मार्गाचं काम स्टेशन, मस्कती हॉस्पिटल आणि चौक बाजार याच पट्ट्यात असल्यामुळे रस्ते वळवलेले असतात. जाताना लागलेला वेळ घड्याळात पाहून ठेवावा आणि परतीला तेवढाच अधिक दहा मिनिटं धरावा.

सुरती खाण्यात पहिला मान लोचोचा. हरभऱ्याची डाळ मुख्य, तिच्यात थोडी उडीद डाळ आणि पोहे. हे भिजवून वाटतात, आंबवतात आणि वाफवतात. खमणासारख्या त्याच्या वड्या पडत नाहीत. पातेल्यातून सराट्याने खरवडून बशीत घेतात, त्या मऊ लगद्यावर तेल किंवा लोणी सोडतात, मग लाल मसाला भुरभुरवून वर बारीक शेव आणि कांदा, बाजूला हिरवी चटणी. वाफ निघत असतानाच तो खायचा. पाच मिनिटांत थंड होऊन बसतो, म्हणून बांधून घेऊन गाडीत खाण्यात अर्थ नाही. गाडीसाठी खमण घ्यावं. खरं तर लोचो सकाळचा, पण बऱ्याच दुकानांत तो संध्याकाळीही मिळतो. लोचो आला की जेवण झालं असं मात्र समजू नये. एक बशी तिघांत वाटून घ्यावी आणि पुढे सरकावं.

थाळीसाठी बसायचं असेल तर आधी विचारून घ्यावं, की वाढायला किती वेळ लागेल. गुजराती थाळी फिरत्या हाताने वाढतात, त्यामुळे ती पंजाबी मेनूतल्या भाजीपेक्षा लवकर आटोपते. भाजी सांगून तंदूर रोटीची वाट पाहत बसलं, की गर्दीच्या रात्री तिथेच पाऊण तास जातो. घाईच्या माणसाला थाळीच बरी.

थंडीत सुरतेला थांबा पडला तर नशीब समजावं. सुरती पापडी, कंद, रताळी, केळी आणि मेथीच्या मुठिया घालून केलेला हिरवा उंधियो दुकानांत किलोवर विकतात. पुऱ्या शेजारच्याच कढईतून मिळतात. याच दिवसांत पोंक येतो. शहादा-तळोद्याच्या माणसाला पोंकाची ओळख करून द्यायला नको. तो आपला हुरडाच. पण आपण तो शेतात शेकोटीजवळ खातो आणि सुरतेने त्याचा बाजार मांडला आहे. अडाजणला तापीच्या पलीकडे पोंकाचे स्टॉल लागतात, तिथे निवडलेला पोंक लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर देतात आणि पोंकाचे वडे तळून मिळतात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, सगळं शहर घारी खातं: मावा, तूप आणि सुक्या मेव्याची जड मिठाई, सोबतीला तिखट भुसू. त्या रात्री मिठाईच्या दुकानांपुढे रांगा असतात. गाडीची घाई असेल तर घारी दुसऱ्या एखाद्या दिवशी घ्यावी.

मांसाहार करणाऱ्याने सुरत शाकाहारी शहर आहे असं मानून उपाशी राहू नये. बोहरा वस्तीजवळच्या झांपा बाजारात रात्री उशिरापर्यंत खाणावळी चालतात. तापीच्या उत्तरेला रांदेर आहे. तिथल्या व्यापारी कुटुंबांचं ब्रह्मदेशाशी जुनं येणं-जाणं, आणि तिथून आलेला खाउसा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्शाबरोबरचे शेवयांसारखे नूडल्स, रांदेरच्या स्वयंपाकघरातून सुरतेच्या रस्त्यावर आला. रांदेरची आलू-पुरीही तिथली खासियत. पण रांदेरला जायला नदी ओलांडावी लागते. हातात निव्वळ तीन तास असतील तरच त्या वाटेला जावं. अंड्याच्या गाड्या मात्र शहरभर आहेत. ‘घोटाळा’ मागितला की उकडलेली अंडी किसून, वर कच्ची फोडून, तव्यावर मसाल्यात घोटून पावाबरोबर देतात. खाऊन झालं की वर थंड कोको प्यावा, हाही सुरतेचाच शोक.

पिपलोद आणि डुमस रस्ता ही रात्रीच्या सुरतेची आवडती जागा. रविवारी रात्री तिथे कुटुंबंच्या कुटुंबं चटया अंथरून, घरचे डबे उघडून रस्त्याकडेला बसलेली दिसतात. पुष्कळ घरांत रविवारी संध्याकाळी चूल पेटत नाही. त्यामुळे रविवारी शहरातल्या कुठल्याही नावाजलेल्या हॉटेलात अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, हे हिशेबात हवं. स्टेशनवरून पिपलोद सात-आठ किलोमीटर. रेल्वेच्या प्रवाशाला मी तिथे जा असं सांगणार नाही. विमानाच्या प्रवाशाला जरूर सांगेन, कारण विमानतळ त्याच बाजूला आहे.

आणि ज्याला गुजराती गोडसर वरण नकोच असेल, तोही सुरतेत परका नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून मागांवर कामाला आलेली माणसं पिढ्यांपासून राहतात. तिथे रस्त्यावर अहिराणी कानावर पडते. शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी मागायला दुभाषा लागत नाही. गाडी उधन्याची असेल तर हाच भाग सगळ्यांत जवळचा. आपल्या जिल्ह्यातला माणूस सुरतेला दवाखान्यासाठी जातो, लग्नाच्या साड्या घ्यायला जातो, अक्कलकुवा-धडगावची कुटुंबं त्याच वाटेवर बारडोलीच्या ऊसतोडीला जातात. या शहराशी आपला संबंध गरजेचा आणि घामाचा आहे. त्याच शहरात एकदा तरी पाहुण्यासारखं ताटावर बसावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरतेत रात्र काढणारा प्रवासी या शहराला नवीन नाही. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, इथे प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली गेली. हज यात्रेकरू गलबताची वाट पाहत तिथे उतरत. ती मुघल सराई आजही उभी आहे आणि तिच्यात सुरत महानगरपालिकेची कचेरी चालते. चौक बाजाराकडे जाताना बाहेरून पाहता येते. सुरतेहून बुऱ्हाणपूर-आग्र्याकडे जाणारा व्यापाराचा रस्ताही व्यारा, नवापूर, नंदुरबार असाच होता. सतराव्या शतकात या रस्त्याने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची तारीफ लिहून ठेवली आहे. तेव्हा प्रवासी आपल्याकडे जेवत होते.

आता विमानाचं. सुरतेहून शारजाची उड्डाणं २०१९ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नंदुरबारहून दुपारच्या गाडीने येऊन रात्रीचं विमान पकडणाऱ्याने सामान घेऊनच डुमस रस्त्यावर जेवावं आणि तसंच पुढे जावं. स्टेशनवर सामान ठेवलं तर पंधराएक किलोमीटर उलट यावं लागेल. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे मागे मोजायला सुरुवात तिथून करायची.

परदेशातल्या मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना पुढे इस्तंबूल, दोहा किंवा सिंगापूरला रात्रभराचा थांबा मिळतो. पद्धत तीच, फक्त आधी एक प्रश्न वाढतो: विमानतळाबाहेर पडायला आपल्या पासपोर्टवर परवानगी आहे का? इस्तंबूलला तुर्की विमान कंपनी ६ ते २४ तासांच्या थांब्यावर असलेल्या आपल्या प्रवाशांना शहराची मोफत फेरी घडवते, पण त्यासाठी देशात प्रवेश करण्याचा हक्क असावा लागतो. व्हिसा नसेल तर विमानतळावरच जेवावं आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. मोठ्या बॅगा पुढच्या विमानात परस्पर जाणार आहेत की मध्ये घ्याव्या लागतील, हे पहिल्या काउंटरवरच विचारावं.

सुरतेत काही दिवस बाहेर पडून उपयोग नसतो, तेही सांगायला हवं. दिवाळीनंतर हिऱ्याचे कारखाने आणि कापड बाजार बंद असतात, पुष्कळ कामगार गावी जातात आणि लाभपंचमीपर्यंत अनेक दुकानांची कुलपं निघत नाहीत. त्या दिवसांत जेवण स्टेशनजवळच उरकावं. १४ आणि १५ जानेवारीला पतंगांचा सण. संध्याकाळी उघड्या रिक्षातून जाताना मांज्यापासून मुलांचा गळा जपावा. मुसळधार पाऊस असेल तर सखल रस्त्यांवर पाणी साचतं आणि पंधरा मिनिटांचा रस्ता तासावर जातो. अशा रात्री जाऊच नये.

एकटी बाई, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील, तर अ‍ॅपवरून मागवलेली रिक्षा घ्यावी, गाडीचा क्रमांक घरी कळवावा आणि परतीची गाडी हॉटेलातून बिल येण्याआधीच बोलवावी. परत आल्यावर पहिलं काम फलाटाचा क्रमांक पाहण्याचं. गाडीत झोप लागून उतरायचं स्टेशन निघून जाईल अशी भीती असेल, तर १३९ वर आधी सांगून ठेवलं की उतरण्याच्या आधी फोन येतो.

सुरतेहून परतताना हाच क्रम उलटा चालतो, पण एक फरक आहे. नंदुरबारकडची सकाळची गाडी असेल आणि तुम्ही रात्री दहानंतर उतरला असाल, तर शहरात जाऊ नका. खोली घ्या, झोपा आणि सकाळी सातला बाहेर पडा. लोचो तेव्हा सगळ्यांत ताजा असतो.